सहा नारळ आणि एकवीस टचडाउन

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधल्या सराव शिबिरांत पोरांची झोप उडते. संघ बत्तीस, प्रत्येकाच्या शिबिरात नव्वदेक खेळाडू आणि मोसम सुरू होताना जागा फक्त ५३. उरलेल्यांना, म्हणजे साऱ्या लीगमधल्या जवळपास बाराशे जणांना, बाहेरची वाट धरावी लागते. हा निरोप घेऊन येणाऱ्या माणसाला खेळाडूंनी फार पूर्वीपासून ‘तुर्क’ असं नाव ठेवलेलं आहे. तो आवाज चढवत नाही, कारणं देत बसत नाही. कोचने बोलावलंय, येताना प्लेबुक घेऊन ये, एवढंच सांगतो. प्लेबुक म्हणजे संघाच्या डावपेचांचं बाड. आता ते टॅब्लेटवर असतं. ते परत मागितलं की पोराने ओळखायचं, आपल्याला नारळ मिळाला.

रहीम मोस्टर्टला पहिला नारळ मिळाला तो सप्टेंबर २०१५ मध्ये, फिलाडेल्फिया ईगल्सकडून. त्यापाठोपाठ मायामी डॉल्फिन्स, बाल्टिमोर रेव्हन्स, क्लीव्हलँड ब्राउन्स, न्यूयॉर्क जेट्स आणि शिकागो बेअर्स. सव्वा वर्षात सहा संघांनी त्याला घेऊन पाहिलं आणि सोडून दिलं. या सगळ्या तारखा त्याने लिहून ठेवल्या आणि प्रत्येक सामन्याआधी तो ती यादी वाचतो, असं त्यानेच पुढे पत्रकारांना सांगितलं. ‘पुढे’ म्हणजे जेव्हा त्याला प्रश्न विचारायला पत्रकार जमू लागले, तेव्हा.

हाच मोस्टर्ट २०२३ च्या मोसमात २१ टचडाउन करून लीगमध्ये संयुक्त पहिला आला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता, आणि ज्या जागेवर तो खेळतो तिथे एकतिशी ही निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी येणारी गोष्ट समजली जाते.

ती जागा रनिंग बॅकची. हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं, तर मैदान शंभर यार्डांचं. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं, सरकला की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू टोकाच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन. पुढे सरकायचे मार्ग मुख्यतः दोन. क्वार्टरबॅक चेंडू लांबवर फेकतो, नाहीतर मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी तो खुपसतो आणि रनिंग बॅक समोरच्या गर्दीत घुसतो. कबड्डीतल्या चढाईसारखंच हे काम आहे. फक्त इथे पकडणारे सातऐवजी अकरा, त्यांतले काही सव्वाशे-दीडशे किलोंचे, आणि मुख्य रनिंग बॅकने मोसमात अशा दोन-अडीचशे चढाया करायच्या. बहुतेक प्रत्येक चढाईचा शेवट जमिनीवर आपटण्यात होतो.

दूरदर्शनवर दिसतं ते पळणं. कोच मात्र रनिंग बॅककडे आणखी एक गोष्ट बघतो आणि तिच्यावरच अनेकांची नोकरी टिकते किंवा जाते. क्वार्टरबॅक चेंडू फेकायच्या तयारीत असताना प्रतिस्पर्ध्यांपैकी एखादा-दुसरा अचानक वेगळ्याच कोपऱ्यातून त्याच्या अंगावर धावून येतो. त्याला ‘ब्लिट्झ’ म्हणतात. अशा वेळी रनिंग बॅकने पळायचा विचार सोडून त्या माणसाच्या छातीवर आपली छाती घालायची असते. कोण येणार, कुठून येणार, आपल्या लाइनमधला, म्हणजे पुढच्या फळीतला, कोण त्याला घेणार आणि आपल्या वाट्याला कोण, हे सगळं चेंडू हलायच्या आधी ओळखावं लागतं. इथे चूक झाली तर संघाचा सर्वांत महाग खेळाडू स्ट्रेचरवरून बाहेर जातो. म्हणून गुरुवारी संघात आलेल्या नव्या पोराला रविवारी चेंडू द्यायला कोच धजावत नाही, मग तो वाऱ्यासारखा का धावत असेना. आणि फिरस्त्या खेळाडूची गोची नेमकी हीच: एका संघाची परिभाषा तोंडपाठ होते न होते, तोच दुसऱ्या संघाचं बाड हातात पडतं. चाली पुष्कळशा त्याच असतात, नावं मात्र सगळी वेगळी.

खेळाडूंच्या संघटनेने वर्षानुवर्षं दिलेला एक आकडा आहे. रनिंग बॅकची सरासरी कारकीर्द जेमतेम अडीच वर्षांची. लीगला तो मान्य नाही. पदार्पणाच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी जो ५३ जणांत असतो तो सरासरी सहा वर्षं खेळतो, असं लीगचं म्हणणं. दोघांच्या हिशेबात लबाडी नाही. तुर्काने परत पाठवलेल्यांना मोजायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे आणि त्यांना मोजलं की सरासरी धाडकन खाली येते. लीगच्या पेन्शनचा हक्क लागायला तीन मोसमांची नोंद लागते, हे लक्षात घेतलं की त्या अडीचचा अर्थ नीट कळतो.

पैशाचं गणितही समजून घेण्यासारखं आहे, कारण बाहेरून हे सगळे कोट्यधीश वाटतात. २०१५ मध्ये नवख्या खेळाडूचं किमान वार्षिक वेतन होतं ४ लाख ३५ हजार डॉलर. पण ते मिळायचं आठवड्यावर, मोसमाच्या तेव्हाच्या सतरा आठवड्यांत विभागून, आणि संघात असाल त्याच आठवड्याचं. ५३ जणांबाहेर प्रत्येक संघाचं एक ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’ असतं. त्या वर्षी त्यात दहा जागा होत्या आणि किमान मोबदला आठवड्याला ६,६०० डॉलर. हे लोक तेव्हा सामना खेळत नसत; येत्या रविवारी समोर येणाऱ्या संघाचं सोंग घेऊन आपल्याच बचावफळीकडून आठवडाभर आपटून घेत. सोडून दिलेला नवखा खेळाडू चोवीस तास ‘वेव्हर’वर राहतो. या अवधीत कोणताही संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतो, आणि एकाहून जास्त संघांनी सांगितला तर ज्याची कामगिरी जास्त वाईट त्याचा मान पहिला. कुणीच विचारलं नाही तर फोनची वाट बघायची. मंगळवारी, खेळाडूंच्या सुट्टीच्या दिवशी, संघ बाहेरच्यांना चाचणीसाठी बोलावतात. सोमवारी रात्री फोन, मंगळवारी पहाटेचं विमान, तासभर पळापळ, आणि संध्याकाळी बहुतेक वेळा परतीचं विमान. असं हे पाठीवरचं बिऱ्हाड. घर भाड्याने घ्यायचं तेही महिन्याच्या बोलीवर.

मोस्टर्टचं लहानपण गेलं फ्लोरिडातल्या न्यू स्मर्ना बीचला. हा किनारा शार्कच्या चाव्यांसाठी बदनाम आहे आणि तरीही तिथली पोरं लाटांवर सर्फिंग करतात, मोस्टर्टही त्यांतलाच. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात तो फुटबॉल खेळला खरा, पण मुख्यतः प्रतिस्पर्ध्याने मारलेली किक परत घेऊन येणारा म्हणून. त्याचं खरं नाव झालं ते धावपट्टीवर. विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ गटात त्याने कमी अंतराच्या शर्यती जिंकल्या. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंना वाटून घेण्याच्या वार्षिक सोहळ्यात, २५६ नावं पुकारली गेली. त्यांत त्याचं नव्हतं.

त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर जॉर्जिया विद्यापीठाचा टॉड गर्ली हा रनिंग बॅक निवडला गेला. त्याआधीची दोन वर्षं पहिल्या फेरीत एकाही रनिंग बॅकचं नाव निघालं नव्हतं, त्यामुळे त्याची मोठीच चर्चा झाली. गर्लीकडे पुन्हा यावं लागणार आहे.

रनिंग बॅक एवढे स्वस्त का झाले? या प्रश्नाचं बरंचसं उत्तर डेन्व्हरमध्ये सापडतं. १९९५ मध्ये तिथले कोच माइक शानहान यांनी सहाव्या फेरीत टेरेल डेव्हिस नावाचा मुलगा घेतला. तीन वर्षांनी त्याने एका मोसमात २,००८ यार्ड काढले. १९९९ मध्ये त्याचा गुडघा गेला, तर चौथ्या फेरीतल्या ओलँडिस गॅरीने हजारावर यार्ड काढले. पुढच्या वर्षी सहाव्या फेरीत घेतलेला माइक अँडरसन आला. तो आधी मरीन सैनिक होता, आणि त्याने पहिल्याच मोसमात १,४८७ यार्ड काढले. लाइनमधल्या सगळ्यांनी एकदम एका बाजूला सरकायचं, रनिंग बॅकने त्यांच्या मागून धावत जायचं, फट दिसली की एकच वळण घ्यायचं आणि सुटायचं, अशी ती पद्धत. डेव्हिस थोर खेळाडू होता, याबद्दल वाद नाही. त्याला पुढे लीगच्या हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. पण इतर संघमालकांनी डेन्व्हरकडे बघून जो धडा घेतला तो सोयीचा होता. पद्धत पक्की असेल तर माणूस बदलला तरी चालतो.

त्यात २०११ च्या कामगार कराराने ड्राफ्टमधून आलेल्या नवख्यांचा पगार चार वर्षांसाठी बांधून टाकला. क्वार्टरबॅकचे उमेदीचे दिवस चार वर्षांनंतर सुरू होतात, रनिंग बॅकचे तोवर संपत आलेले असतात. पैसे मागायची वेळ आली की संघाकडे ‘फ्रँचाइज टॅग’ नावाचं हत्यार असतं. ठरावीक रकमेला एका खेळाडूला आणखी एक वर्ष अडकवून ठेवता येतं. २०२३ मध्ये क्वार्टरबॅकसाठी ही रक्कम होती ३ कोटी २४ लाख डॉलर, रनिंग बॅकसाठी सुमारे १ कोटी. आदल्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावलेला जॉश जेकब्ज आणि न्यूयॉर्क जायंट्सचा सॅक्वॉन बार्कली, दोघेही त्यात अडकले. त्या जुलैमध्ये लीगमधले नामवंत रनिंग बॅक झूमवर एकत्र बसले आणि आपलं काय होणार, यावर बोलले. तोडगा काही निघाला नाही. एका कोटीसाठी रडणाऱ्यांची दया येणं अवघड आहे, हे मान्य. पण या बैठकीतल्या प्रत्येकामागे किमान वेतनावर आठवडे मोजणारे आठ-दहा जण उभे होते आणि त्यांचा भाव वरच्यांच्या भावावरच ठरतो.

फिरस्तेपणा किती टोकाला जाऊ शकतो, याचं उदाहरण सी. जे. अँडरसनचं. हाही ड्राफ्टमधून न आलेला. डेन्व्हरसाठी त्याने सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, टचडाउन केला, २०१७ च्या मोसमात हजारावर यार्ड काढले आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये डेन्व्हरने त्याला सोडलं. कॅरोलायनाने घेतलं, नोव्हेंबरमध्ये सोडलं. ओकलंडने डिसेंबरात घेतलं आणि आठवड्याभरात सोडलं. मग लॉस एंजेलिस रॅम्सचा मुख्य रनिंग बॅक दुखावला, म्हणून रॅम्सने अँडरसनला बोलावलं. पोट सुटलेला, दम लागलेला हा गडी दोन सामन्यांत १६७ आणि १३२ यार्ड धावला. बाद फेरीत डॅलसविरुद्ध १२३. फेब्रुवारीत तो सुपर बोलमध्ये होता. सप्टेंबरात डेट्रॉइटकडून दोन सामने खेळला आणि तिथूनही सुटला.

रॅम्सचा तो दुखावलेला मुख्य रनिंग बॅक म्हणजे टॉड गर्ली. त्याला २०१८ च्या जुलैमध्ये चार वर्षांसाठी ५ कोटी ७५ लाख डॉलरांचा करार मिळाला होता आणि त्या मोसमात त्याने २१ टचडाउन केले होते.

मोस्टर्टकडे येऊ. नोव्हेंबर २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सनी त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर घेतलं. हा सातवा संघ. दोन महिन्यांनी तिथला कोच बदलला आणि नवा आला काइल शानहान. डेन्व्हरच्या माइक शानहान यांचा मुलगा, बापाचीच पद्धत घेऊन. मोस्टर्टच्या नशिबाचा भाग कोणता, असं विचारलं तर हाच. एकच वळण घेऊन सुटणाऱ्या धावपटूला याहून चांगली शाळा सापडली नसती. तरीही शाळेत प्रवेश मिळाला तो मागच्या दाराने. प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू लाथाडून दिला जातो, तेव्हा तो झेलणाऱ्याला गाठायला कडेने सुसाट धावत जाणाऱ्याला ‘गनर’ म्हणतात. वाटेत त्याला दोघे जण ढकलत असतात. मोस्टर्ट ते काम करू लागला. कुठल्याही संघात रांगेत तिसरा-चौथा असलेला रनिंग बॅक टिकतो तो अशाच कामांवर, आणि प्रेक्षक नेमके त्याच वेळी खाद्यपदार्थांच्या स्टॉलकडे गेलेले असतात.

लीगमधल्या पहिल्या चार मोसमांत मिळून त्याच्या हाती धावण्यासाठी चेंडू पन्नासहूनही कमी वेळा आला. २०१८ मध्ये जरा संधी मिळू लागली होती, तर नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी ओकलंडविरुद्धच्या सामन्यात त्याचा हात मोडला.

२०१९ च्या उन्हाळ्यात संघात त्याच्या पुढे तिघे होते. जेरिक मॅकिननला चार वर्षांसाठी तीन कोटी डॉलरच्या करारावर आणलेलं होतं, अटलांटाहून टेव्हिन कोलमन आला होता, शिवाय मॅट ब्रीडा. मॅकिननचा गुडघा २०१८ मध्येच फाटला होता; तो सलग दोन मोसम एकही सामना खेळला नाही. पहिल्याच सामन्यात कोलमनचा घोटा मुरगळला. ब्रीडाही अधूनमधून जायबंदी. डिसेंबर येता येता चौथा माणूस पहिला झाला होता.

१९ जानेवारी २०२०, सँटा क्लारा. जिंकणारा सुपर बोलमध्ये जाणार असा सामना, समोर ग्रीन बे पॅकर्स. पहिल्याच सत्रात फॉर्टीनायनर्सचा तिसरा प्रयत्न आणि आठ यार्ड हवेत. अशा स्थितीत चेंडू फेकला जातो, हे स्टेडियममधल्या पोरालाही ठाऊक असतं. पॅकर्सची आघाडी क्वार्टरबॅकवर तुटून पडायला पुढे झेपावली. तिला तसंच येऊ दिलं गेलं, आणि ती जिथून आली तिथे मधोमध जागा रिकामी झाली. क्वार्टरबॅक जिमी गरॉपलोने चेंडू मोस्टर्टच्या हाती दिला. ३६ यार्ड, टचडाउन. पुढे नऊ यार्डांवरून, मग अठरा यार्डांवरून. याच दरम्यान कोलमनचा खांदा निखळला आणि त्याला गाडीवरून बाहेर न्यावं लागलं. मध्यंतराला २७-०, मोस्टर्टचे तोवर १६० यार्ड. गरॉपलोने पूर्ण सामन्यात अवघे आठ पास फेकले, कारण फेकायची गरजच पडली नाही. सामना संपला तेव्हा मोस्टर्टच्या नावावर २२० यार्ड आणि चार टचडाउन होते. बाद फेरीच्या एका सामन्यात दोनशे यार्ड आणि चार टचडाउन हे त्याआधी लीगच्या इतिहासात कुणालाही जमलं नव्हतं. बाद फेरीत त्याहून जास्त यार्ड धावलेला एकच, एरिक डिकरसन, जानेवारी १९८६ मध्ये २४८.

सुपर बोलमध्येही मोस्टर्टने टचडाउन केला आणि फॉर्टीनायनर्स २०-१० असे पुढे गेले. शेवटच्या सात मिनिटांत कॅन्सस सिटीने सामना ३१-२० असा फिरवला.

इथे चित्रपट संपतो. नोकरी संपत नाही. जुलै २०२० मध्ये मोस्टर्टच्या एजंटने जाहीर केलं, की त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवा. ज्या कोलमनची जागा त्याने घेतली होती, त्याच्यापेक्षा त्याचा पगार कमी होता. दोन-तीन आठवड्यांनी करारात थोडी भर घालून प्रकरण मिटलं. सप्टेंबरात न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध, म्हणजे ज्यांनी त्याला कधीकाळी काढलं होतं त्यांच्याविरुद्ध, फॉर्टीनायनर्सच्या पहिल्याच चालीवर तो ८० यार्ड पळाला. अंगावर हेल्मेट आणि पॅड असताना त्याचा वेग ताशी २३.०९ मैल, म्हणजे ३७ किलोमीटरहून अधिक मोजला गेला. त्याच सामन्यात गुडघा दुखावला. पुढच्या वर्षी पहिल्या सामन्यात डेट्रॉइटला दोनदा चेंडू हाती आला, २० यार्ड निघाले, गुडघ्यातल्या कूर्चेचा टवका उडाला आणि मोसम खलास. त्याच दुपारी त्याच्या जागी आलेल्या सहाव्या फेरीतल्या इलायजा मिचेल या नवख्याने १०४ यार्ड काढले आणि मोसमभरात ९६३. बापाच्या पद्धतीत जे घडत असे, तेच मुलाच्या संघात घडलं, आणि या खेपेला बदललेला माणूस मोस्टर्ट होता.

२०२२ मध्ये मायामी डॉल्फिन्सचा कोच झाला माइक मॅकडॅनियल, सॅन फ्रान्सिस्कोत शानहानच्या हाताखाली धावण्याच्या चाली रचणारा. त्याने मोस्टर्टला एक वर्षाच्या करारावर बोलावलं. या मायामीनेच २०१५ मध्ये त्याला काढलं होतं. पण तेव्हाचे कोच, व्यवस्थापक कुणीच उरलेले नव्हते, त्यामुळे राग धरायलाही माणूस नव्हता. पहिल्या वर्षी ८९१ यार्ड. दुसऱ्या वर्षी, २४ सप्टेंबर २०२३ रोजी, डॉल्फिन्सनी डेन्व्हरला ७०-२० असं तुडवलं. लीगमध्ये एका संघाने सत्तर गुण करणं १९६६ नंतर पहिल्यांदाच घडत होतं आणि त्यांत मोस्टर्टचे चार टचडाउन होते. मोसम संपताना धावून १८, झेलून ३. धावून १८ आणि एकूण २१, हे दोन्ही मायामीच्या इतिहासातले विक्रम. १,०१२ यार्ड, म्हणजे हजाराचा टप्पाही आयुष्यात प्रथमच. ‘प्रो बोल’साठी, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंत, निवडही पहिलीच. टचडाउनमध्ये त्याच्या बरोबरीला होता ख्रिश्चन मॅकॅफ्री, सॅन फ्रान्सिस्कोत आता त्याच्या जुन्या जागेवर खेळणारा.

एकतिसाव्या वर्षी हे कसं जमलं, याचं उत्तर अनेकांनी जिद्दीत शोधलं. जिद्द असणारच, पण काढून टाकलेल्या बाराशेंपैकी बहुतेकांकडे ती असते. जास्त पटणारं उत्तर साध्या बेरजेत आहे. २०२३ चा मोसम सुरू झाला तेव्हा मोस्टर्टने लीगमध्ये एकूण पाचशेहूनही कमी वेळा चेंडू घेऊन धाव घेतली होती. त्याच्याबरोबरच २०१५ मध्ये लीगमध्ये आलेल्या गर्लीने पहिल्या सहा वर्षांत सुमारे साडेचौदाशे वेळा. गर्लीचा गुडघा कुरकुरू लागला, मार्च २०२० मध्ये रॅम्सनी त्याला सोडलं, अटलांटासाठी तो एक मोसम खेळला आणि २६ व्या वर्षी त्याची कारकीर्द आटोपली. सहा संघांनी मोस्टर्टला वापरलं नाही म्हणूनच त्याचे पाय शिल्लक राहिले. त्याला नाकारणाऱ्यांनी नकळत त्याच्यावर उपकार केले, असं म्हणता येईल. अर्थात त्याने त्यांचे आभार मानावेत अशी अपेक्षा कुणी करू नये.

थोर खेळाडूही या फिरस्तीतून सुटत नाहीत. एका मोसमात २,०९७ यार्ड काढणारा एड्रियन पीटरसन मिनेसोटात दहा मोसम राजा होता. त्यानंतर पाच वर्षांत सहा संघ फिरला. फ्रँक गोरच्या नावावर बरोबर १६,००० यार्ड आहेत, इतिहासात तिसरा क्रमांक, आणि शेवटची सहा वर्षं त्याने चार संघांत काढली. फरक एवढाच, की त्यांना फिरताना लोक ओळखत होते.

मायामीने २०२४ मध्ये मोस्टर्टचा करार वाढवून दिला. त्या मोसमात चेंडू बहुतांशी डेव्हॉन एचेन या त्याच्याहून कितीतरी तरुण सहकाऱ्याकडे जाऊ लागला आणि मोस्टर्टचे वर्षभरात तीनशे यार्डही भरले नाहीत. करार अजून शिल्लक होता. पण या लीगमध्ये हमीचा पैसा सोडला तर करार एकतर्फीच असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉल्फिन्सनी त्याला सोडलं. मार्चमध्ये लास व्हेगस रेडर्सनी त्याला घेतलं, आणि एप्रिलमध्ये त्याच संघाने ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत, सहाव्या क्रमांकावर, बॉयसी स्टेट विद्यापीठाचा ॲश्टन जेंटी निवडला. तोही रनिंग बॅक, आणि मोस्टर्टहून साडेअकरा वर्षांनी लहान.